चार तारा, कडू भोपळा आणि तलवारीची धार

बेस गिटार आणि तंबोरा यांची कुणी ओळख करून दिली, तर दोघांचं पटकन जमेल. दोघांना चार-चार तारा, दोघांची जागा मागच्या रांगेत. त्यांच्यासाठी टाळ्या कुणी वाजवत नाही, पण ते थांबले की पुढे गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. दोघांच्याही पाच-सहा तारांच्या आवृत्त्या निघाल्या, तरी मान अजून चार तारांनाच.

आणखी एक साम्य आहे. या वाद्यांची रूपं बदलली ती गाण्यामुळे कमी आणि ओझं, कायदा, लाकूड, वीज असल्या रुक्ष गोष्टींमुळे जास्त. गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरनं १९५१ साली कॅलिफोर्नियात ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. तोवर बेस वाजवणारा माणूसभर उंचीचा डबल बेस गाडीच्या टपावर बांधून गावोगाव फिरायचा आणि एवढं करून बँडच्या गोंगाटात त्याचा आवाज ऐकूच यायचा नाही. फेंडरनं फळीसारखं सपाट अंग, चार स्क्रूंनी जोडलेली मान आणि विजेवर मोठा होणारा आवाज असा सुटसुटीत उपाय काढला. १९५४ मध्ये त्या फळीच्या कडा अंगाला टोचू नयेत म्हणून तासल्या गेल्या, १९५७ मध्ये तारांचा आवाज टिपणारा पिकअप दुभंगला, १९६० मध्ये ‘जॅझ बेस’ आला. शौकीन आजही मानेवरची तारीख आणि सीरियल नंबर वाचून गिटारची कुंडली मांडतात.

आता मिरजेला या.

धार लावणारे हात

सांगली जिल्ह्यातल्या मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर जातात. त्यांची सुरुवात सांगितली जाते ती शस्त्रांपासून. तलवारी-भाल्यांना धार लावणारे शिकलगार इथे होते. इंग्रजी अंमलात तलवारींचं काम आटलं. दुसरीकडे पटवर्धनांच्या या संस्थानात गवयांची ये-जा होती आणि त्यांची वाद्यं मोडायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब यांनी आधी दुरुस्ती आणि मग नवी वाद्यं घडवायला सुरुवात केली. पुढे घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं आणि गल्लीही सतारमेकर गल्ली.

शेतात पिकणारं मॉडेल

फेंडरच्या कारखान्यात लाकूड एका मापानं कापलं जातं. मिरजेच्या तंबोऱ्याचं माप ठरतं ते वेलावर. त्याचा भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूनं. जात कडू, त्यामुळे भाजीला निरुपयोगी. शेतकरी हे पीक काढतो ते निव्वळ संगीतासाठी, भले त्याला यमन आणि भूप यातला फरक सांगता न येवो. पुरुषांच्या तंबोऱ्याला मोठ्या घेराचा भोपळा लागतो, बायकांच्या तंबोऱ्याला लहान, कारण एकाचा सूर साधारण काळी एकच्या आसपास तर दुसऱ्याचा काळी चार-पाचला. थोडक्यात, वाद्य कुणाच्या गळ्याला जाणार याचा पहिला निकाल पाऊसपाणी देतं.

भोपळा वाळवायचा, भिजवून मऊ करून वरून कापायचा, बिया काढायच्या, मग त्यावर लाकडी गळा बसवायचा, त्याला दांडी जोडायची आणि पुढे तबली लावायची. लाकूड बहुधा तूण, तेही कर्नाटकाच्या जंगलातलं. पॉलिश, नक्षी, खुंट्या, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी हे त्यानंतर. खरी पंचाईत होते गवयानं ‘जोड’ मागितली की. दोन तंबोरे एकमेकांसारखे हवेत, म्हणजे आधी दोन भोपळे एकमेकांसारखे शोधा! कारखानदारीला जे सहज जमतं ते इथं कौशल्याचं शिखर ठरतं.

गंमत म्हणजे कारखानदारी काही लांब नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून एका साच्यातले लोखंडी नांगर बाहेर पडू लागले. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, औंध गाव साताऱ्यात. त्याच औंधात १९४० पासून संगीत महोत्सव भरतो. साच्यातला नांगर आणि हातानं लावलेला तंबोरा, दोन्ही या एवढ्याशा टापूत नांदले.

सांगलीचा नेमकेपणा

फेंडरनं नावातच ‘प्रिसिजन’ का घातलं? कारण डबल बेसला पडदे नसतात, बोट जरा घसरलं की सूर घसरला. गिटारच्या मानेत ठोकलेल्या धातूच्या पट्ट्यांमुळे सूर जागच्या जागी लागायला लागला. पण नेमकेपणाचं हे वेड सांगलीकरांना चाळीस वर्षं आधीच लागलं होतं.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे थोरले बंधू. बावीस श्रुतींचं, म्हणजे सूक्ष्म सुरांचं, गणित मांडणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये निघालं. त्यांना साथ मिळाली अर्नेस्ट क्लेमेंट्स या आयसीएस न्यायाधीशाची आणि गळा मिळाला खुद्द नामवंत गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचा. नेहमीच्या पेटीत एका सप्तकात बारा सूर, यांना हव्या होत्या बावीस श्रुती. मग लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून खास श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे वाजली आणि तिथंच अडली. गवयाची श्रुती पट्टीत बांधून ठेवता येत नाही, असंच एकंदर मत पडलं. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीनं साधी पेटीदेखील बाहेर काढली, ती १९७१ पर्यंत. माझं मत विचाराल तर देवल हरले तरी मजा त्यांनीच आणली.

सतारीनं हा पेच कधीच सोडवला होता. तिचे पडदे धाग्यानं बांधलेले असतात, राग बदलला की सरकवा. आणि बेस गिटारवाल्यांनी? जॅको पास्टोरियस या अमेरिकन वादकानं सरळ आपल्या गिटारचे पडदे उपटून टाकले!

खाँसाहेब पुढे मिरजेचेच झाले. १९३७ मध्ये मद्रासजवळ प्रवासात ते गेले, पण त्यांची कबर मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. दर उरुसाला तिथं गवयांची हजेरी लागते.

कायद्याचा सूर

जुन्या वाद्यांवर हस्तिदंताची नक्षी असायची, घोडीला सांबरशिंग. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्याच्या दुरुस्त्या आल्यावर हस्तिदंत गेलं, शिंग गेलं, त्यांच्या जागी उंटाचं हाड, अॅक्रिलिक असली सामग्री आली. २०१७ मध्ये शिसवीच्या जगभरातल्या व्यापारावर निर्बंध आले तेव्हा बलाढ्य फेंडरलाही मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींसाठी पाओ फेरो हे दुसरं लाकूड घ्यावं लागलं. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

डबीतला तंबोरा

भोपळा नाजूक. एसटीत, रेल्वेत, विमानात तो फुटतो. म्हणून भोपळ्याला रजा देऊन सपाट पेटीचा तंबोरा निघाला, गिटारच्या पिशवीत मावणारा. १९७९ मध्ये बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला आणि तार, भोपळा, लाकूड सगळंच उडालं. आता तो मोबाइलमध्ये आहे. रियाजाला ठीक, पण मैफलीत मागे दोन उंच तंबोरे दिसले नाहीत तर गाणं सुरू व्हायच्या आधीच काहीतरी उणं वाटतं.

नक्कल करायला सर्वांत अवघड ठरली ती जवारी. घोडीचा माथा अगदी किंचित उतरता घासायचा, तार त्यावर निजल्यासारखी टेकली पाहिजे, खाली एक साधा धागा सरकवायचा आणि झणकार फुटतो. १९६७ मध्ये अमेरिकेत डॅनइलेक्ट्रो या गिटार कंपनीनं गिटारवादक व्हिनी बेल यांच्याबरोबर ‘कोरल इलेक्ट्रिक सितार’ काढली, ती या झणकारासाठीच. घोडी रुंद आणि सपाट केली, आवाज सतारीची आठवण येईल इतपत जमला. मिरजेत मात्र जवारी कानानं लावतात. तारेच्या घासणीनं ती झिजते, मग पुन्हा कारागिराकडे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, दोघांना वेगवेगळं. याचा अर्थ भोपळा सोलापूर जिल्ह्यातला, लाकूड कर्नाटकातलं, पण नाव मिरजेचं. आणि ते बरोबरच आहे. फेंडरच्या गिटारी १९८२ पासून जपानमध्ये आणि १९८७ पासून मेक्सिकोतल्या एन्सेनाडात बनू लागल्या, त्यावर नाव कॅलिफोर्नियातल्या माणसाचंच राहिलं. फरक इतकाच की मानांकनामुळे मिरजेबाहेर बनलेला तंबोरा कायद्यानंच ‘मिरजेचा’ म्हणून विकता येत नाही.