पालि तिपिटकाची एक्सएमएल संहिता

रंगून येथील छट्ठ संगायनेत (१९५४-५६) निश्चित झालेले पालि तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर आणले. त्याची एक्सएमएल रचना आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. तीत पाठभेद 'नोट' या खुणेत बंदिस्त असतो. खूण गळाली, तर पाठभेदच बुद्धवचन म्हणून वाचला जाईल! 'पीबी' ही खूण म्यानमार, थाई व पालि टेक्स्ट सोसायटी या आवृत्त्यांचे पृष्ठांक नोंदविते. त्यामुळे रोमन आवृत्तीचा संदर्भ हाती असलेल्या अभ्यासकास नागरीतील तोच उतारा सापडतो. संकेतस्थळावर प्रत्येक फाईलीस स्वतंत्र पत्ता असून मागणी करताच ती मिळते. रॉय फील्डिंग यांनी २००० साली मांडलेल्या 'रेस्ट' पद्धतीतही प्रत्येक साधनास असाच स्वतःचा पत्ता असतो.