विश्लेषण : वाघासाठी मृत्युपत्रात देणगी... पण शेत संस्थेच्या नावे का करता येत नाही?

आपल्यामागे मालमत्तेचा काही भाग जंगलासाठी, वन्यजीवांसाठी जावा, असे वाटणारी माणसे यवतमाळसारख्या जिल्ह्यातही आहेत. मूलबाळ नसलेले दाम्पत्य, परदेशी स्थायिक झालेल्या मुलांचे पालक, निवृत्त शिक्षक किंवा वन कर्मचारी. कायदा त्यांना अडवत नाही. मात्र, जिल्ह्यातील बहुतेकांची सर्वात मोठी मालमत्ता म्हणजे शेतजमीन, आणि नेमकी तीच संस्थेच्या नावे लिहून ठेवली तर इच्छा कागदावरच राहण्याचा धोका आहे. असे का, आणि मग काय करता येते, याविषयी...

यवतमाळमध्ये हा विषय महत्त्वाचा का?

पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य अवघे १४८.६३ चौरस किलोमीटरचे आहे. वाघांना ते पुरत नाही. टिपेश्वरमध्ये जन्मलेला ‘टी१-सी१’ हा वाघ २०१९ मध्ये तेथून निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, नाले, रस्ते ओलांडत तीन हजार किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्याने त्याचा मार्ग कळला. ज्यांच्या गळ्यात कॉलर नाही, असे वाघ कोणाच्या तुरीतून कधी गेले, हे कोणालाच कळत नाही.

याच जिल्ह्याने दुसरी बाजूही पाहिली आहे. राळेगाव-पांढरकवडा परिसरातील ‘अवनी’ अर्थात टी-१ या वाघिणीला १३ जणांच्या मृत्यूसाठी जबाबदार धरण्यात आले आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. तिच्या मृत्यूवर मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या लागल्या. गावांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या होत्या. वन्यजीवांसाठी पैसा ठेवू इच्छिणाऱ्याने दोन्ही लक्षात ठेवलेल्या बऱ्या, कारण पैसा कोठे लागतो याचे उत्तर त्यात आहे.

विदर्भात मृत्युपत्रातून मोठे काम उभे राहिल्याचे उदाहरण आहे का?

आहे, पण ते वन्यजीवांचे नाही. कामठीचे खाण उद्योजक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये मृत्युपत्राद्वारे सुमारे ३५ लाख रुपयांची मालमत्ता उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिली. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आपली ‘एलआयटी’, उभी राहिली. मृत्युपत्र आणि संस्था यांत १२ वर्षांचे अंतर आहे. तरीही पैसा दुसरीकडे वळला नाही. हेतू स्पष्ट होता आणि घेणारी संस्था टिकाऊ होती.

निसर्गाच्या क्षेत्रात पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी गेटी पुरस्काराची रक्कम बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतील संवर्धन निधीसाठी दिली, पण ती हयातीतच. ब्रिटनमध्ये पक्षी आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संस्थांना मृत्युपत्रांतून दरवर्षी भरघोस रक्कम मिळते. आपल्याकडे मंदिर, शाळा, दवाखाना यांच्या नावे मृत्युपत्रे होतात. जंगलाची आठवण क्वचितच कोणाला होते.

कायद्यानुसार किती मालमत्ता देता येते?

हिंदू व्यक्तीला स्वकष्टार्जित मालमत्ता पूर्णपणे हवी त्याला देता येते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त स्वत:चा हिस्सा देता येतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही त्यात जन्मत: वाटेकरी आहेत. सगळेच संस्थेला लिहून दिले तरी पत्नी, अज्ञान मुले अशा अवलंबितांचा पोटगीचा हक्क संपत नाही. मालमत्ता ज्याच्याकडे जाईल त्याच्यावर ती जबाबदारी येते. मुस्लीम व्यक्तीला अंत्यविधीचा खर्च व कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशपर्यंतच, वारसांच्या संमतीशिवाय, मृत्युपत्राने देता येते. ख्रिस्ती व्यक्तीने धर्मादाय कामासाठी मृत्युपत्र करण्यावर भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ११८ ने जाचक अटी होत्या. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम खटल्यात घटनाबाह्य ठरवले.

वाघाच्या, हरणाच्या किंवा ‘जंगलाच्या’ नावे मात्र काहीच ठेवता येत नाही. प्राणी कायद्याने मालमत्तेचा मालक होऊ शकत नाही. घेणारी व्यक्ती, न्यास किंवा शासन असावे लागते.

शेतजमिनीचा अडथळा नेमका काय?

विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे. त्याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन हस्तांतरित करण्यास मनाई आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने अपवाद होऊ शकतो. मृत्युपत्र म्हणजे विक्री नव्हे, बक्षीसपत्रही नव्हे, त्यामुळे ही बंदी त्याला लागू नाही, असा युक्तिवाद अनेक वर्षे केला जात असे. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये विनोदचंद्र कपाडिया विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात तो फेटाळला. मुंबई कूळ कायद्याच्या, गुजरातमध्ये लागू असलेल्या, कलम ६३ खाली शेतकरी नसलेल्याला मृत्युपत्राने शेती देणेही बसत नाही, असा तो निकाल. जे हयातीत करता येत नाही, ते मृत्युपत्राच्या आडून करता येऊ नये, हे त्यामागचे सूत्र. हा निकाल विदर्भाच्या कायद्यावर नसला तरी बंदी त्याच धाटणीची आहे. वन्यजीव संस्था बहुधा ‘शेतकरी’ या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे फेरफाराच्या वेळी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत कोठेही हे प्रकरण अडकू शकते, आणि नाराज भाचा-पुतण्या असेल तर न्यायालयातही.

आदिवासी खातेदारांच्या बाबतीत नियम आणखी कडक आहेत. कोलाम, गोंड, आंध अशा अनुसूचित जमातींच्या व्यक्तीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार निर्बंध आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. भोगवटादार वर्ग-२ च्या जमिनीलाही शर्ती असतात. सातबाऱ्यावरील ही नोंद मृत्युपत्र लिहिण्याआधी पाहावी.

मग शेतकऱ्याने काय करावे?

सोपा मार्ग म्हणजे शेत वारसांना आणि ठेवी संस्थेला. वारस नसतील तर शेत एखाद्या शेतकरी खरेदीदाराला विकून येणारी रक्कम संस्थेला द्यावी, असा आदेश मृत्युपत्रात एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या व्यक्तीला, देता येतो. अशा वेळी संस्थेकडे जमीन नव्हे, पैसा जातो. हा मसुदा जमीन महसुलाची प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलाकडूनच करून घ्यावा.

जमीन जंगलाला लागून असेल आणि ती तशीच राहावी असे वाटत असेल, तर हयातीतला एक पर्याय आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६-सी नुसार स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तीची किंवा गावाची खासगी जमीन शासन ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर करू शकते. मालकी कायम राहते, पण जमिनीचा वापर मनाप्रमाणे बदलता येत नाही. वारसांशी बोलल्याशिवाय हे करू नये.

बँक ठेवी, विमा, शेअर यांचे काय?

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक ठेवीची रक्कम नॉमिनीच्या हाती देऊन मोकळी होते. ती कोणाची, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच सांगितले. शिवाय बँक ठेवीचे नामनिर्देशन व्यक्तीच्याच नावे होते, संस्थेच्या नाही. म्हणजे ठेव संस्थेला द्यायची तर मृत्युपत्र हवेच, आणि नॉमिनी असलेल्या नातेवाईकाला ते माहीत असलेले चांगले.

कराची भीती बाळगण्याचे कारण नाही. मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाला. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. मात्र देणगीवरील आयकर सवलत हवी असेल तर ती हयातीत दिलेल्या रकमेवरच मिळते.

कोणत्या संस्थेला द्यावे आणि कशासाठी?

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. तेथून न्यासाच्या नोंदीचा उतारा मिळतो. विश्वस्त कोण, उद्दिष्टात वन्यजीव किंवा पर्यावरण आहे का, लेखापरीक्षण अहवाल भरले आहेत का, हे पाहिल्याशिवाय नाव लिहू नये. ताडोबा, मेळघाट, पेंच या व्याघ्र प्रकल्पांच्या प्रतिष्ठानांनाही देणगी देता येते. पण कायद्यातील ही तरतूद व्याघ्र प्रकल्पांसाठी आहे आणि टिपेश्वर अभयारण्य आहे. ताडोबाला दिलेला पैसा ताडोबात खर्च होईल.

अभयारण्याच्या आत वन विभागाच्या परवानगीशिवाय कोणालाही काम करता येत नाही. त्यामुळे खासगी देणगीचा खरा उपयोग हद्दीबाहेर आहे, असे आमचे मत. रानडुक्कर आणि रोही कापूस-तुरीची नासाडी करतात म्हणून शेतकरी रात्री जागलीला जातो. तेथेच वाघाशी गाठ पडते. डुकरांसाठी लावलेला फास वाघाच्या गळ्यात रुततो. टिपेश्वरमध्ये असे वाघ दिसले आहेत. कुंपणात चोरून सोडलेला वीजप्रवाह तर माणसालाही मारतो. सौर कुंपण, कठडा नसलेल्या विहिरींना कठडे, गोठ्यांना भक्कम दारे, गुरे मारली गेल्यावर सरकारी भरपाई येईपर्यंत तातडीची मदत. ही कामे पोस्टरवर शोभत नाहीत, पण वाघ त्यांनीच वाचतो. वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास शासन कुटुंबाला २५ लाख रुपये देते. तो प्रसंग टाळण्यासाठीचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

मृत्युपत्रात नेमके काय लिहावे?

संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक. ठरावीक रकमेऐवजी टक्केवारी लिहिलेली बरी, कारण आजचे दोन लाख २० वर्षांनी फारसे उरत नाहीत. हेतू स्पष्ट असावा, पण अतिबारीक नको. ‘अमुक पाणवठ्यावर टँकर’ असे लिहिले आणि पाणवठाच राहिला नाही, तर हेतू बदलण्यासाठी विश्वस्तांना न्यायालयात जावे लागते. उदाहरणार्थ : ‘माझ्या सर्व बँक ठेवींपैकी २५ टक्के रक्कम अमुक न्यासास द्यावी. तिचा विनियोग यवतमाळ जिल्ह्यातील वन्यजीव संवर्धन आणि जंगलालगतच्या गावांतील मानव-वन्यजीव संघर्ष कमी करण्यासाठी व्हावा. हा न्यास तेव्हा अस्तित्वात नसल्यास माझ्या एक्झिक्युटरने समान उद्दिष्टाच्या नोंदणीकृत न्यासास ती द्यावी.’

सही करताना दोन साक्षीदार हवेत. संस्थेचे पदाधिकारी साक्षीदार नसावेत. वय झाले असल्यास त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घेतली तर वाद कमी होतात. मृत्युपत्र केव्हाही बदलता येते, शेवटचे ग्राह्य धरले जाते. यवतमाळात प्रोबेट सक्तीचे नाही, तरी बँक वादाच्या प्रसंगी न्यायालयाचा कागद मागू शकते.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाला आई-वडिलांच्या नावे अशीच देणगी पाठवायची असेल तर तो पैसा ‘विदेशी’ ठरतो, आणि घेणाऱ्या संस्थेकडे ‘एफसीआरए’ नोंदणी असावी लागते. भारतीय पासपोर्ट कायम असेल तर ही अट नाही.