दिवा विझला, पण गाडी सुधारली का?

घुग्घुसला सकाळी पुसलेल्या गाडीवर संध्याकाळी पुन्हा काळा थर बसतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कोळसा, सिमेंट, ट्रकांची रांग! त्यात आपल्या मोटारीच्या धुराची भर कशाला? म्हणून मैत्रिणींनो, समोर इंजिनचा पिवळा दिवा लागला, तर "चालतेय ना, मग चालू दे" या यजमानांच्या उत्तरावर गप्प बसू नका.

हा दिवा पुष्कळदा धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेतला बिघाड दाखवतो. सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा बंदोबस्त तोच करतो. दिवा लुकलुकू लागला, तर मात्र गाडी थांबवावीच. न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन तो अतोनात तापतो, निकामी होतो, आणि नवा डबा घरखर्चाचे गणितच बिघडवतो.

खरी गोम दुरुस्तीनंतर आहे. मेकॅनिक स्कॅनर लावून कोड पुसतो, दिवा विझतो, बिल हातात येते. पण कोडबरोबर गाडीने स्वतःच ठेवलेल्या तपासण्यांची नोंदही पुसली जाते. ती पुन्हा भरायची तर गाडी रस्त्यावर चालवावीच लागते. पीयूसी कायद्याने हवेच. पण पेट्रोल गाडीचा धूर तिथे उभ्या गाडीत मोजतात. चालत्या गाडीचे काय? एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींचा धूर कंपन्यांना प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजावा लागतो, तो काही उगीच नाही.

तेव्हा गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी उघड्यावर सुरू करून दोन-तीन मिनिटे तशीच ठेवा. बंद शेडमध्ये मुळीच नको. मग गावातून हळूहळू, आणि पुढे चंद्रपूरच्या वाटेवर रस्ता मोकळा मिळेल तिथे दहा-पंधरा मिनिटे एकाच वेगाने. नाहीतरी औषधे, कापड, काही ना काही आणायला चंद्रपूरला जाणे होतेच! ट्रकांच्या मागे अडकलात तर वेग सारखा राहत नाही, म्हणून लवकर निघावे.

परतल्यावर पुन्हा स्कॅनर लावायला सांगा. दोनच प्रश्न विचारा: तपासण्या पूर्ण झाल्या का? नवा कोड आला का? एखादी तपासणी राहिली, तर दोन-चार दिवस गाडी वापरून पुन्हा बघावे.

मी थोडे पैसे या दुसऱ्या तपासणीपर्यंत राखून ठेवते. आमचे मेकॅनिक पहिल्यांदा कुरकुरले. आता मी दिसले की स्वतःच स्कॅनर काढतात.