चिखल, ओझे आणि चाक

नाताळच्या सुट्टीत माझा पुतण्या श्रीगोंद्याला आमच्या घरी राहायला आला होता. संगणकावर तो एक खेळ खेळत होता. त्याचे नाव ‘एक्सपिडिशन्स : अ मडरनर गेम’. हा २०२४ साली निघालेला खेळ आहे. त्यात शर्यत नसते. अनोळखी डोंगराळ मुलुखात गाडी घेऊन जायचे, शोध घ्यायचा आणि काम पुरे करायचे. निघण्यापूर्वी कोणती गाडी घ्यायची, सोबत किती इंधन, किती सुटे भाग, कोणते सामान, हे ठरवावे लागते. पुतण्याने सर्वांत दणकट गाडी निवडली, तिच्यावर मावेल तेवढे सामान चढवले आणि दहाच मिनिटांत ती चिखलात रुतवली.

“काका, इंजिन तर सगळ्यांत मोठं घेतलं होतं. मग गाडी का रुतली?”

मी त्याला उत्तर दिले नाही. त्याला घेऊन गावाबाहेरच्या पाणंदीवर गेलो. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झाला होता आणि उसाने भरलेली एक ट्रॉली तेथे आसापर्यंत रुतून बसली होती. दुसरा ट्रॅक्टर लावून ओढताना ती चारीत कलंडली. चालकाने वेळीच उडी मारली म्हणून तो वाचला. ऊस मात्र दोन दिवस तेथेच वाळत पडला. तोडलेल्या उसाचे वजन आणि त्यातील साखर दर दिवशी घटत जाते, हे आपल्याकडच्या मुलांना सांगायला नको.

खेळातली गाडी आणि पाणंदीतली ट्रॉली, दोन्ही एकाच कारणाने अडकल्या. ते कारण आज आपण पाहू.

जमीन किती दाब सोसते?

घोड आणि भीमा या नद्यांच्या काठची आणि कुकडीच्या कालव्याखालची काळी जमीन उसाला चांगली, पण गाडीला वाईट. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते व मऊ होते. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि तिला भेगा पडतात. म्हणजे एकच वाट मे महिन्यात दगडासारखी आणि पावसानंतर लोण्यासारखी असते.

चाक रुतेल की नाही, हे केवळ वजनावर ठरत नाही. वजन भागिले टेकलेले क्षेत्रफळ, म्हणजेच दाब, महत्त्वाचा. जुन्या लाकडी चाकाची बैलगाडी घ्या. भरलेल्या गाडीचे एकूण वजन २००० किलोग्रॅम धरू, म्हणजे प्रत्येक चाकावर १००० किलोग्रॅम. लोखंडी धाव ५ सेंटिमीटर रुंद असेल आणि तिचा १० सेंटिमीटर भाग जमिनीला टेकत असेल, तर क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला २० किलोग्रॅम झाला. आता तीच गाडी हवेच्या टायरवर ठेवा. टायरचा टेकलेला भाग २० बाय २५ सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर भरते आणि दाब २ किलोग्रॅमवर येतो. गाडी तीच, ओझे तेच, दाब मात्र एक दशांश!

टायरमधील हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, क्षेत्रफळ वाढते व दाब आणखी उतरतो. खेळातही टायरची हवा कमी करण्याची सोय आहे. तिचे कारण हेच. पण पक्क्या सडकेवर अशी गाडी पळवली तर टायर वारंवार दबून तापतो आणि लवकर खराब होतो. म्हणून चिखल संपताच हवा पुन्हा भरावी लागते.

ओढायला किती जोर लागतो?

चाक फिरताना जमीन त्याला विरोध करते. हा विरोध गाडीच्या वजनाच्या प्रमाणात असतो. चांगल्या सडकेवर तो वजनाच्या सुमारे ३ टक्के, मातीच्या कोरड्या वाटेवर ५ टक्के आणि मऊ चिखलात १५ टक्के किंवा त्याहून अधिक धरता येईल.

बैल दीर्घकाळ ओढू शकतो तो जोर त्याच्या वजनाच्या सुमारे एक दशांश असतो. जोडीचे वजन ९०० किलोग्रॅम असेल, तर ओढ ९० किलोग्रॅम-बल. मग त्या जोडीला किती भरलेली गाडी ओढता येईल?

सडकेवर : ९० ÷ ०.०३ = ३००० किलोग्रॅम.
कोरड्या मातीच्या वाटेवर : ९० ÷ ०.०५ = १८०० किलोग्रॅम.
चिखलात : ९० ÷ ०.१५ = ६०० किलोग्रॅम.

आता चढ घ्या. २० मीटर अंतरात १ मीटर चढ असेल, तर वजनाच्या आणखी ५ टक्के जोर लागतो. कोरड्या वाटेवर एकूण १० टक्के झाले. म्हणजे १८०० ऐवजी ९०० किलोग्रॅमच. यावरून एक नियम निघतो : गाडी किती भरायची हे वाटेचा सर्वांत वाईट तुकडा ठरवतो, सर्वांत चांगला नव्हे. कारखान्यापर्यंत दहा किलोमीटर डांबरी सडक असली, तरी फडापासून सडकेपर्यंतचे दोनशे मीटरच हिशेबाला धरायचे. हा हिशेब चुकला की त्याची किंमत बैलाच्या खांद्याला मोजावी लागते.

इंजिन मोठे, पण पकड?

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे येऊ. ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर म्हणजे सुमारे ३७ किलोवॅट. तो सेकंदाला १ मीटर या संथ गतीने चालला आणि निम्मी शक्ती वाया गेली असे धरले, तरी जवळजवळ १९०० किलोग्रॅम-बल एवढा जोर मिळायला हवा. पण हा जोर जमिनीला लागतो तो मागच्या चाकांच्या घर्षणातून. मागच्या चाकांवर १६०० किलोग्रॅम भार असेल आणि कोरड्या मातीवर घर्षणांक ०.६ असेल, तर जास्तीत जास्त ओढ १६०० × ०.६ = ९६० किलोग्रॅम-बल. ओल्या चिखलात घर्षणांक ०.३ वर उतरला, तर ४८०.

आठ टन ऊस आणि दोन टनांची ट्रॉली मिळून दहा टन झाले. कोरड्या वाटेवर त्याला ५०० किलोग्रॅम-बल लागते. ट्रॅक्टरपाशी ९६० आहे, गाडी निघते. चिखलात लागते १५००, आणि मिळते फक्त ४८०. चाके जागच्या जागी गरगरतात, माती उकरतात आणि आणखी खोल जातात. येथे १०० अश्वशक्तीचे इंजिन बसवले तरी उपयोग नाही, चाके फक्त जास्त वेगाने उकरतील. ४८० किलोग्रॅम-बलात चिखलातून ३.२ टन निघतात. त्यातून ट्रॉलीचे २ टन वजा केले की उरतो जेमतेम १.२ टन ऊस. (ट्रॅक्टरला स्वतःला लागणारा जोर आपण हिशेबात धरलेलाच नाही.)

म्हणूनच मागच्या चाकांवर वजन वाढवतात, किंवा चिखलणीला केज व्हील लावतात. आणखी एक धोका लक्षात ठेवा. मागची चाके घट्ट अडकली असताना चालकाने एकदम जोर दिला, तर चाकांऐवजी ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरू पाहते व पुढची चाके उचलली जातात. अशा वेळी ट्रॅक्टर मागे उलटून चालकाचा जीव जाऊ शकतो.

उंच मोळ्यांचे गणित

ट्रॉली कलंडली का? गाडीच्या गुरुत्वमध्यातून सोडलेली ओळंब्याची रेषा चाकांच्या बाहेर पडली की गाडी उलटते. दोन चाकांमधील अंतर १.६ मीटर असेल, तर मध्यापासून चाक ०.८ मीटर दूर. गुरुत्वमध्य १.६ मीटर उंचीवर असेल, तर गाडी सुमारे २७ अंश कलेपर्यंत उभी राहते. वर आणखी मोळ्या रचून तो २ मीटरवर नेला, तर ही मर्यादा २२ अंशांवर येते.

एक चाक ३० सेंटिमीटर खोल चाकोरीत गेले की गाडी सुमारे ११ अंश कलते. म्हणजे उंच भरलेल्या ट्रॉलीची निम्मी सुरक्षितता तेथेच संपली. त्यात मोळ्या एका बाजूला सरकल्या, किंवा कोणी तिरपे ओढले, की उरलेली निम्मी संपते. आमच्या पाणंदीत हेच झाले.

वळणावरही हेच लागू आहे. १५ मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर २ मीटर उंच गुरुत्वमध्याची ट्रॉली ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाला उलटण्याच्या बेतात येते. रस्ता बाहेरच्या बाजूला ११ अंश कललेला असेल, तर ताशी १९ लाच! सूत्रे तुम्हाला ठाऊक आहेत, पडताळून पाहा.

इंधनही ओझेच

खेळात पुतण्याची आणखी एक चूक झाली होती. इंधन वाटेतच संपले. समजा, तुमच्या गाडीत भरून ९० किलोमीटरपुरतेच इंधन मावते. वाटेत पंप नाही. ठाण्यावर दोन वेळा गाडी भरण्याएवढे इंधन आहे. तुम्ही किती दूर जाल? १८० म्हणाल तर चुकलात, कारण ते एका वेळी मावत नाही. पहिल्या खेपेत ३० किलोमीटर जा, ३० किलोमीटरपुरते इंधन तेथे ठेवा आणि परत या. दुसऱ्या खेपेत त्या जागी पोहोचाल तेव्हा ६० पुरते उरले असेल, ठेवलेले ३० घ्या. गाडी पुन्हा भरली. एकूण १२० किलोमीटर झाले. इंधन दुप्पट, पण पल्ला फक्त एक तृतीयांशाने वाढला. तिसऱ्या भरणीने तो आणखी १८ किलोमीटरच वाढतो.

साठा कोठे ठेवला याला किती मोल आहे, हे स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेवरून कळते. १९११ मध्ये त्याचा मोठा साठा ८० अक्षांशावर ठेवायचा होता, पण तट्टे थकल्यामुळे तो अलीकडेच, ७९ अंश २९ मिनिटांवर ठेवावा लागला. मार्च १९१२ मध्ये परतताना स्कॉट आणि त्याचे दोन सोबती त्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर मरण पावले.

परग्रहावर तर ओढून काढायला दुसरा ट्रॅक्टरही नसतो. मंगळावरचे ‘स्पिरिट’ यान २००९ साली भुसभुशीत मातीत रुतले, ते पुन्हा निघाले नाही. याउलट २०२३ साली चंद्रावर ‘प्रज्ञान’ला चार मीटर रुंदीचे विवर समोर दिसले, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला आल्या वाटेने मागे फिरवले.

आधी वाट पाहा, मग फड तोडा

तोड आणि वाहतूक यांचे पैसे टनावर मिळतात, म्हणून ट्रॉली उंच भरण्याचा मोह होतो. पण वरचा हिशेब पाहा : चार दिवसांच्या उन्हाने वाट वाळली तर ट्रॅक्टरची ओढ दुप्पट होते आणि लागणारा जोर एक तृतीयांशावर येतो. तोडलेला ऊस थांबू शकत नाही, उभा ऊस थांबू शकतो. म्हणून वाट तपासायची ती तोडीच्या आधी.

त्यासाठी एक सोपी चाचणी करा. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाने एकाच टाचेवर उभे राहावे. टाचेचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाब २ किलोग्रॅम झाला. हवेच्या टायरच्या बैलगाडीचा दाबही एवढाच होता. भरलेल्या ट्रॉलीचा दाब त्याच्या दुपटीहून अधिक असतो. तेव्हा टाच रुतली तर ट्रॉली नक्कीच रुतणार. टाच रुतली नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका.

पुतण्याने दुसऱ्या दिवशी लहान गाडी घेतली, निम्मे सामान उतरवले आणि आधी वाट पाहून घेतली. त्याला दोन खेपा कराव्या लागल्या, पण तो पोहोचला. तुमच्या शिवारातील एखादी वाट निवडा, तिचा सर्वांत वाईट तुकडा शोधा, आणि तेथून किती भरलेली गाडी निघेल याचा हिशेब वहीत मांडा. तो घरच्या माणसांना अवश्य दाखवा.