‘करंट तं मस्त येऊन राह्यला!’

अकोला असो की अमरावती, चढावर धक्के देणारी मोटारसायकल गॅरेजात नेली की पुढचा प्रयोग ठरलेला. प्लग खोलायचा, कॅपमध्ये अडकवायचा, इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी टचकन उडाली की निकाल जाहीर : ‘‘करंट तं मस्त येऊन राह्यला भाऊ. बोअर गेला. हाफ इंजिन करा लागते.’’ ठिणगी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असल्यामुळे गिऱ्हाईकही मान डोलावतं. ब्लॉक-पिस्टन नवे बसतात, हजारो रुपये जातात आणि दोन आठवड्यांत तेच धक्के पुन्हा सुरू होतात.

ठिणगी दिसली म्हणजे इग्निशन ठीक, हा समज किती वेळा खोडायचा? बाहेर उडालेली ठिणगी एवढंच सांगते की ठिणगीसाठी व्होल्ट चढवणारी कॉइल अगदीच मेलेली नाही. आत, पिस्टन वर येऊन मिश्रण दाबलं गेलं असताना ती उडेल की नाही, याबद्दल ती काहीही सांगत नाही. रिकामी बंडी ओढली म्हणून तोच बैल कापसाने भरलेली बंडी चढावर नेईल, असं कोणताही शेतकरी मानणार नाही. गॅरेजात मात्र आपण रोज तेच मानतो.

कारण साधं आहे. ठिणगीला प्लगच्या दोन टोकांमधली हवा फोडावी लागते. ती फोडायला किती व्होल्ट लागतील, हे दोन टोकांमधलं अंतर आणि तिथल्या वायूची घनता या दोहोंवर ठरतं. फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. मोटारसायकलच्या प्लगचं अंतर साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतं. उघड्या हवेत एवढ्या फटीला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मिश्रण नऊ-दहा पट दाबलेलं असतं, तिथे दहा हजारांच्या वर लागतात. प्लगची टोकं झिजून फट वाढली असेल तर आकडा वीस हजारांकडे सरकतो. आठ हजारांवर दम तोडणारी कॉइल बाहेर झकास निळी ठिणगी देईल आणि आत नेमकी मोक्याच्या वेळी गप्प बसेल.

मोक्याची वेळ म्हणजे जोराची. ॲक्सिलरेटर जेवढा जास्त पिळाल तेवढं जास्त मिश्रण आत शिरतं, दाब वाढतो आणि ठिणगीचं काम अवघड होतं. म्हणून अशक्त कॉइलची गाडी राजकमल चौकात गुपचूप चालते, अमरावती-अकोला महामार्गावर सपाटीला चाळीसच्या वेगातही निभावून नेते आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लागली, मागे माणूस बसला, की फट्‌फट् करते. यावरही एक तयार उत्तर मिळतं : ‘‘वर हवा पातळ असते ना, म्हणून.’’ चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर आहे. पायथ्याच्या तुलनेत तिथली हवा फार तर आठ-दहा टक्के विरळ. त्याने ताकद किंचित कमी होईल, पण विरळ हवेत ठिणगी उलट सहज उडते. घाटात गाडी फटफटते ती उंचीमुळे नाही, चढामुळे.

वऱ्हाडी उन्हाळा यात आपली भर घालतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाणं नेहमीचं. दुपारी मूर्तिजापूरजवळ गाडी बंद पडते, निंबाखाली अर्धा तास थांबलं की एका किकेत चालू होते. ‘पेट्रोल उडून गेलं’ हे लोकप्रिय निदान. पेट्रोल गेलं कुठे? टाकीत ते दिसतच असतं. अशा वेळी दोनच गोष्टी आधी पाहायच्या. टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज येऊन हवा आत शिरली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं आहे. आवाज नाही, गाडीही चालू नाही, तर प्लग खोला. तो पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही. कॉइलमधली केसासारखी बारीक तार किंवा तिच्यावरचं वेष्टण कुठेतरी तडकलेलं असतं. तापून पसरलं की तुटतं, थंड झालं की पुन्हा जुळतं. अशी कॉइल सकाळी मल्टिमीटरवर अगदी ठणठणीत दाखवते. तपासायची तर ती दगा देते त्याच क्षणी, गरम असताना.

हा घोटाळा फक्त आपल्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांचा आहे असं समजू नका. माझदा आरएक्स-८ ही रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार २००३ ते २०१२ या काळात बनत होती. भारतात ती अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. आपल्याला माझदा माहीत ती स्वराज माझदाच्या ट्रकवरची. या इंजिनात पिस्टन नसतो, त्रिकोणी रोटर फिरतो, आणि जळणाची जागा लांबट व चपटी असल्यामुळे प्रत्येक रोटरला दोन प्लग लागतात : आधी पेटणारा लीडिंग आणि मागून पेटणारा ट्रेलिंग. मुख्य शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरमध्ये एकदा जळण होतं, म्हणजे ९००० आरपीएमला मिनिटाला ९००० वेळा. कॉइलला उसंत नाही, वर इंजिनाची धग. त्या कॉइल अशक्त होणं हा या गाडीचा जगजाहीर दोष; कंपनीला त्यांचा नमुनाही पुढे बदलावा लागला. तरी गाडी नीट चालू होईना की मालकाला पहिलं ऐकू येतं ते ‘अपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) गेले, इंजिन संपलं’. म्हणजे आपलं हाफ इंजिनच. सील खरोखर गेलेले असू शकतात, पण ते ठरवायला रोटरीसाठीचा वेगळा कॉम्प्रेशन गेज लागतो. साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो. आणि त्याआधी कॉइल तपासणं केव्हाही स्वस्त.

दोन प्लगची गाडी पाहायला जपानला जायची गरज नाही. बजाजने २००३ मध्ये पल्सरला एकाच सिलिंडरमध्ये दोन प्लग दिले, डीटीएस-आय या नावाने. त्यावरून टीव्हीएसशी झालेला पेटंटचा वाद २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘दोन प्लग म्हणजे एक गेला तरी चिंता नाही’ असं पल्सरवाले छातीठोक सांगतात. गाडी चालते हे खरं, पण तीच तर चिंता आहे. एक प्लग मेला तरी इंजिन चालू राहतं, ओढ आणि मायलेज घटतं, आणि मालक कार्ब्युरेटर साफ करत बसतो. तपासायचं असेल तर इंजिन बंद करून एक कॅप काढा, तिच्यात जुना प्लग घालून तो धातूला पक्का टेकवा आणि गाडी चालू करा. मग हेच दुसऱ्या बाजूने. ज्या एकट्या प्लगवर इंजिन चालतच नाही, ती बाजू आजारी. कॅप नुसती लोंबकळत ठेवून किक मारू नका. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या किंवा सीडीआय या इलेक्ट्रॉनिक इग्निशन युनिटच्या आतच वाट काढते, आणि चांगला भागही जातो.

मग ठिणगीची खरी परीक्षा कशी घ्यायची? मोठी फट देऊन. यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ठिणगीने किमान ६ मिलिमीटर हवा ओलांडली पाहिजे असं दिलेलं असतं. त्यासाठी फट कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर मिळतो, आणि हाफ इंजिनाच्या बिलापुढे त्याची किंमत किरकोळ आहे. सहा मिलिमीटरला ठिणगी तुटली तर आधी प्लग कॅप बदलून पाहा, मग वायरचं टोक थोडं कापून, मग कॉइल. एवढं सगळं पास झालं तरच बोअरचा विषय काढायचा, आणि तोही कॉम्प्रेशन मोजून.

आता किरकोळ समज. प्लग काळा म्हणजे प्लग खराब : नाही, बहुधा एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोक ओढलेला राहिलाय. पॉलिश पेपरने घासला की नव्यासारखा : पांढऱ्या चिनीमातीवर ओरखडे पडून काजळी अधिक धरते. इरिडियम प्लगने मायलेज वाढतं : तो टिकतो जास्त आणि त्याला व्होल्ट कमी लागतात, बाकी इग्निशन ठीक असेल तर मायलेजमध्ये फरक शोधत बसावं लागेल. ‘हॉट’ प्लगची ठिणगी जास्त गरम : हॉट-कोल्ड हे प्लगच्या टोकाची उष्णता किती लवकर बाहेर जाते त्याचं माप आहे, आणि एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट, तेव्हा दुकानात नुसता आकडा सांगून प्लग मागू नका. आणि प्लग करकचून आवळला की कॉम्प्रेशन सुटत नाही : हेड ॲल्युमिनियमचं असतं, जास्त आवळलं की आटेच जातात. आधी हाताने पूर्ण बसवा, मग पाना लावून नव्या प्लगला अर्धा फेरा, जुन्याला त्याहून कमी.