टोळीच्या तेलाची पारख

मोह म्हटलं की बाहेरच्यांना फूल आणि दारू एवढंच आठवतं. पण जून उजाडला की अहेरी, एटापल्ली, भामरागडच्या जंगलात त्याच झाडाखाली टोळ, म्हणजे मोहाची फळं, पडू लागतात. त्यातली बी म्हणजे टोळी. माडिया-गोंड घरांत पिढ्यान्‌पिढ्या भाजी फोडणीला टाकली ती या टोळीच्या तेलात. दिवा लावला, अंगाला चोळलं तेही हेच.

गावात तेल काढायची रीत बघण्यासारखी आहे. वाळलेली टोळी फोडून टरफल काढायचं, गर उखळात कुटायचा, चाळायचा. मग उकळत्या पाण्याच्या भांड्यावर तो कूट वाफवतात. खरी करामत या वाफेत आहे: पेशी मऊ पडतात आणि अडकलेलं तेल सुटं होतं. गरम कूट टोपलीत भरून दोन जाड लाकडांमध्ये दाबला की पिवळं तेल ओघळू लागतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं, कारण त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास आम्लं स्टिअरिक आणि पामिटिक, म्हणजे गोठणारी. साबणवाल्यांना ते हवं असतं ते याचसाठी.

१०० किलो टोळीत साधारण ७० किलो गर निघतो आणि गरात निम्मं तेल. लाकडाच्या दाबाने ते सगळं हाती येत नाही, घाण्यावर जास्त येतं. नेमकं किती होतं ते प्रयोगशाळेत सॉक्सलेट उपकरणात हेक्झेनने तेल धुऊन काढल्यावर कळतं. पेंडीत सॅपोनिन राहतं, म्हणून ती जनावरांना तशीच घालत नाहीत. पाण्यात टाकली तर मासे गुंगतात.

तेलाचा कस मात्र घाण्यावर ठरत नाही. तो ठरतो टोळी वेचल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. पावसाचे दिवस, अंगण ओलं, ऊन बेभरवशाचं. ओलसर टोळीत बुरशी धरते, वितंचकं तेल फोडतात आणि मोकळी आम्लं वाढतात. नीट न वाळवलेल्या मालात त्यांचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जातं. असं तेल कडवट लागतं, आणि बायोडिझेल करायला घेतलं तर अल्कली टाकताच साबण होऊन बसतो. म्हणून आधी आम्लाची प्रक्रिया करून मगच अल्कलीची करावी लागते. खर्च वाढतो, आणि भाव पाडायला कारण मिळतं.

मोकळी आम्लं किती हे ओळखायची चाचणी अगदी साधी. १० ग्रॅम तेल उदासीन केलेल्या अल्कोहोलमध्ये गरम करायचं, फिनॉल्फ्थेलीनचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडायचं. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. १८ मिलिलीटर लागलं तर आम्लांक सुमारे १०, म्हणजे मोकळी आम्लं ५ टक्के.

२००६ च्या वनहक्क कायद्याने टोळीसारख्या गौण वनोपजाची मालकी गावाकडे आली. याच गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. मालकी आली, पण मालाची पारख अजून विकत घेणाऱ्याच्या हातात राहिली तर ती मालकी अपुरी आहे, असं मला ठामपणे वाटतं. ब्युरेट, तराजू आणि दोन-तीन बाटल्या एवढंच तर लागतं. बारावी विज्ञानाच्या मुलांना हे अनुमापन येतं. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, आणि टोळीही त्याच दिवसांत घरात येते. ग्रामसभेच्या गोदामात पोतं शिवण्याआधी मूठभर टोळीचं तेल काढून या मुलांनी तपासावं, आणि निघालेला आकडा पोत्यावर लिहावा.