पॉलिप काढल्यानंतर : पुन्हा होऊ नये म्हणून
(मोठ्या आतड्याचे विकार : लेखांक ७)

मोठ्या आतड्यातला पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) दुर्बिणीतून काढल्यावर पुढच्या तपासणीत पुन्हा पॉलिप दिसला, तर जुन्या जागी उरलेला भाग वाढलेला असतो किंवा दुसरीकडे नवा पॉलिप झालेला असतो. दोन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. ‘सगळे पथ्य पाळूनही पुन्हा झाला’ ही रुग्णाची खंत बहुधा हा फरक कोणी समजावून न सांगितल्यामुळे असते.

जुन्या जागेचे काय होणार, हे पॉलिप कसा काढला यावर ठरते. १० मिलिमीटरपर्यंतचा पॉलिप तारेच्या फासात धरून, वीज न वापरता, भोवतालच्या थोड्या निरोगी अस्तरासह कापता येतो. २ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा, पसरट पॉलिप मात्र अनेकदा एकसंध निघत नाही. त्याच्याखाली द्रव टोचून तो वर उचलतात आणि तुकड्यातुकड्यांनी काढतात. अशा वेळी कडेला नजरेस न येणाऱ्या पेशी उरतात आणि त्यांतूनच तो पुन्हा वाढतो. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कापलेल्या जागेची संपूर्ण कड फासाच्या टोकाने शेकल्यावर हे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर आले. तरीही तुकड्यांनी काढलेल्या मोठ्या पॉलिपची जागा साधारण ६ महिन्यांनी पुन्हा पाहावीच लागते. ती नेमकी सापडावी म्हणून शेजारी शाईने गोंदूनही ठेवतात.

नव्या पॉलिपचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण वय, आनुवंशिकता, धूम्रपान, मद्यपान, लठ्ठपणा ही कारणे पॉलिप काढल्याने जात नाहीत. आहाराबद्दल मोठ्या आशा होत्या. पण २००० साली अमेरिकेतील दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले : एकीत कमी चरबीचा, भरपूर भाज्या-फळांचा आहार होता, दुसरीत गव्हाचा कोंडा. तीन-चार वर्षांत दोन्हींचा पॉलिप पुन्हा होण्यावर परिणाम दिसला नाही. फॉलिक अ‍ॅसिडही निरुपयोगी ठरले. अ‍ॅस्पिरिनने प्रमाण काहीसे घटते, पण पोटात रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने ती मनाने सुरू करू नये. सेलेकॉक्सिब या वेदनाशामक औषधाने पॉलिप बरेच कमी झाले, मात्र हृदयविकाराचा धोका वाढल्याने तो मार्ग सोडून द्यावा लागला. भाजी-भाकरी, वजनावर ताबा आणि तंबाखू बंद हे एकूण प्रकृतीसाठी हवेच. त्यांच्या भरवशावर तपासणी टाळणे मात्र घातक.

‘नवे’ वाटणारे कित्येक पॉलिप आधीच्या तपासणीत नजरेतून सुटलेले असतात. म्हणून आतडे स्वच्छ असण्याला फार महत्त्व आहे. काही दिवस आधीपासून पेरू, डाळिंब, तीळ असे बियांचे पदार्थ बंद करतात. रक्ताचा भास होऊ नये म्हणून आदल्या दिवशी कोकम सरबतासारखी लाल पेयेही टाळतात. जुलाबाचे औषध अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार-सहा तास आधी घेतल्यास आतडे अधिक स्वच्छ होते. शेवटी शौचाला फिकट पिवळे, नितळ पाणी होऊ लागले की तयारी झाली.

पुढची तपासणी कधी, हे पॉलिपची संख्या, आकार आणि बायॉप्सीचा अहवाल यांवर ठरते. अमेरिकेतील २०२० च्या शिफारशींनुसार १ सेंटिमीटरपेक्षा लहान असे एक-दोन साधे अ‍ॅडेनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणारे पॉलिप) असतील तर ७ ते १० वर्षांनी, १ सेंटिमीटर किंवा मोठा असेल तर ३ वर्षांनी, आणि दहाहून अधिक असतील तर वर्षभरातच. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी राष्ट्रीय चाळणी कार्यक्रम नाही. अनेक रुग्ण शौचातून रक्त पडले म्हणून येतात आणि रक्त थांबले की फाइल कपाटात जाते. ते टाळायचे तर बायॉप्सीचा अहवाल मागून घ्यावा आणि पुढच्या तपासणीचे साल त्यावर लिहून घ्यावे. अ‍ॅडेनोमा मोठा किंवा गंभीर स्वरूपाचा असेल, तर सख्खी भावंडे आणि मुले यांची तपासणीही साधारण चाळिशीपासून सुरू करतात.